पायी जगण्याच्या शहरात: मिनिटांचा हिशोब, पाठीवरचं ओझं आणि सावलीची बाजू

फूटपाथ रुंद आहेत, दुकानं जवळ आहेत, स्टेशन दहा मिनिटांवर आहे, तरीही अशा शहरात राहायला आलेली माणसं बघता बघता गाडीकडे वळतात. त्यामागे आळस क्वचितच असतो. अंदाज चुकून उशीर होतो, पिशवीचे बंद बोटांत रुततात, टाचेला फोड येतो, एखाद्या दुपारी नको त्या बाजूने अर्धा तास उन्हातून जावं लागतं. असं दोन-तीनदा झालं की चालणं नकोसं होतं. या सगळ्याला उपाय आहेत, आणि त्यातले बहुतेक घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच करायचे असतात.

अंतर मिनिटांत धरा

निरोगी प्रौढ माणूस सपाटीवर तासाला ४.५ ते ५ किलोमीटर चालतो, म्हणजे मिनिटाला साधारण ७५ ते ८० मीटर. या हिशोबाने १ किलोमीटरला १२-१३ मिनिटं लागायला हवीत. सिग्नलवरचं थांबणं, गर्दीतून वाट काढणं हे धरलं तर शहरात १५ मिनिटं धरणं शहाणपणाचं. चढ असेल तर उंचीच्या दर १० मीटरला १ मिनिट वाढवा. इमारतीचा एक मजला साधारण ३ मीटरचा असतो, त्यामुळे तीन मजल्यांएवढा चढ म्हणजे एक मिनिट. फोनमधला नकाशा जो वेळ दाखवतो त्यात तुमची पिशवी आणि तुमच्या वाटेवरचे सिग्नल नसतात.

स्वतःचा वेग एकदा मोजून ठेवा. नेहमीच्या वाटेवर नकाशावर बरोबर १ किलोमीटरचा टप्पा निवडा. रोजचे बूट, रोजची पिशवी घेऊन, ज्या वेळी एरवी जाता त्याच वेळी तो तीन वेगवेगळ्या दिवशी चाला आणि सरासरी काढा. मग एका कागदावर मध्यभागी घर मांडून स्टेशन, दवाखाना, बाजार, वाचनालय, बाग यांच्याकडे रेघा ओढा आणि प्रत्येक रेघेवर मिनिटं लिहा. ठिकाणं एकमेकांना जोडणाऱ्या रेघाही हव्यात, कारण खरा फायदा त्यांतच आहे: बाजार घरापासून १४ मिनिटं असला, तरी वाचनालयापासून तो ४ मिनिटांवर असू शकतो आणि दोन्ही कामं एका फेरीत बसतात. स्पेनमधल्या पोंतेवेद्रा शहराने २०११ मध्ये अख्ख्या गावासाठी असा नकाशा काढला. तो मेट्रोच्या नकाशासारखा दिसतो, फक्त रेघांवर चालण्याची मिनिटं आहेत. नंतर इतर शहरांनीही ती पद्धत उचलली. घरच्या नकाशाला एवढी सफाई लागत नाही, फ्रिजच्या दारावर चिकटवलेला कागद पुरतो. परतीच्या रेघेवर मात्र ओझ्यासाठी पाचवा हिस्सा वेळ जास्त लिहा.

बस घ्यावी की चालावं, हेही मिनिटांतच ठरतं. दर १० मिनिटांनी बस असेल तर सरासरी वाट पाहणं ५ मिनिटं. थांब्यापर्यंत ३, बसमध्ये ५, उतरून पुढे ३, एकूण १६. तेवढ्यात तुम्ही चालत १ किलोमीटरहून पुढे गेलेला असता. म्हणून दीड किलोमीटरच्या आतल्या कामाला बस सहसा वेळ वाचवत नाही. भुयारी रेल्वेत हा आकडा आणखी वर जातो, कारण फलाटापर्यंत उतरायला आणि चढायला दोन्हीकडे दोन-तीन मिनिटं जातात. रेल्वेच्या आराखड्यातली अंतरं खरी नसतात हेही ध्यानात ठेवा. तिथे गाडी बदलून तीन थांबे दूर दिसणारं स्टेशन जमिनीवर सात मिनिटांवर असू शकतं. नव्या शहरात पहिल्याच आठवड्यात आराखडा आणि खरा नकाशा शेजारी ठेवून अशा जोड्या शोधा.

वाट कशी निवडायची

दोन वाटा ठेवा: एक घाईची, एक सवडीची. घाईची वाट म्हणजे अंतराने लहान वाट असंच नाही. जिथे सिग्नल कमी आणि फूटपाथ मोकळा ती लवकर पोचवते. मोठ्या चौकात पादचाऱ्याला एकेका सिग्नलला मिनिटभर थांबावं लागू शकतं, आणि असे चार चौक लागले की चार मिनिटं उभ्याने जातात.

चौकटींसारखे रस्ते असलेल्या भागात एक युक्ती फार उपयोगी पडते. समजा तुम्हाला पाच चौक पूर्वेला आणि पाच चौक उत्तरेला जायचं आहे. आधी सगळं पूर्वेला आणि मग सगळं उत्तरेला गेलात, तर प्रत्येक कोपऱ्यावर एकच दिशा उरते आणि तिथला सिग्नल लाल असेल तर थांबणं आलंच. त्याऐवजी जिन्याच्या पायऱ्यांसारखं जा. प्रत्येक कोपऱ्यावर जी बाजू हिरवी असेल ती घ्या. अंतर तेवढंच राहतं, थांबणं मात्र जवळपास संपतं. एक दिशा लवकर संपू देऊ नका, नाहीतर शेवटच्या तीन चौकांत तुम्ही पुन्हा सिग्नलच्या ताब्यात जाता.

उन्हात फूटपाथची बाजू बदलली तर चालणं अगदी वेगळं वाटतं. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी पूर्वेकडच्या इमारतींची सावली पूर्वेच्याच फूटपाथवर पडते, म्हणून सकाळी पूर्वेची बाजू धरा आणि दुपारनंतर पश्चिमेची. पूर्व-पश्चिम रस्त्यावर, उत्तर गोलार्धात, दुपारी दक्षिणेच्या फूटपाथला सावली मिळते. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. विषुववृत्त आणि कर्कवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात उन्हाळ्याचे काही आठवडे दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो, तेव्हा तिथेही बाजू उलटते. थंडीत हाच हिशोब उलटा करून उन्हाची बाजू घ्या. ओळीने झाडं असलेली गल्ली दोन-तीन मिनिटांनी लांब पडली तरी कडक उन्हात तीच निवडावी.

वाऱ्याचंही असंच आहे. उंच इमारतीवर आदळलेला वारा तिच्या अंगावरून खाली उतरतो आणि पायथ्याच्या कोपऱ्यांवर जोर धरतो. छत्री तिथेच उलटते. वादळी दिवशी उंच इमारतींच्या रांगेऐवजी मागची बुटक्या घरांची गल्ली धरली की फरक लगेच जाणवतो.

रस्ता ओलांडताना

चौकात समोरून येणाऱ्या गाडीपेक्षा वळणाऱ्या गाडीचा धोका मोठा. तुमचा सिग्नल हिरवा असतानाच बाजूने वळणाऱ्यालाही हिरवा असू शकतो, आणि वळणाऱ्या चालकाचं लक्ष गाड्यांमधल्या फटीवर असतं. पाऊल टाकण्याआधी मागे आणि बाजूला बघा, चालकाची नजर तुमच्यावर पडली याची खात्री करा. ट्रक आणि बसच्या अगदी पुढे आणि कडेला चालकाला न दिसणारी जागा असते. त्यांचा आरसा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्हीही चालकाला दिसत नाही.

दोन किंवा अधिक पदरी रस्त्यावर पहिली गाडी तुमच्यासाठी थांबली की लोक निर्धास्त होऊन पळत सुटतात. अपघात घडतो तो पुढच्या पदरात, कारण थांबलेल्या गाडीने तुम्हाला झाकलेलं असतं. थांबलेल्या गाडीच्या पुढच्या टोकाशी थबकून डोकावा, मगच पुढे व्हा.

सिग्नलच्या वेळा ठरवताना पादचाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १ ते १.२ मीटर धरतात. १२ मीटर रुंद रस्त्याला म्हणजे १० ते १२ सेकंद. हिरवं चित्र लुकलुकू लागलं की नव्याने पाऊल टाकू नये, अर्ध्यात असाल तर न थांबता पार व्हावं. सिग्नलच्या खांबावर बटण असेल तर ते एकदा दाबाच. काही ठिकाणी ते दाबल्याशिवाय पादचाऱ्यांची पाळी येतच नाही. पुन्हा पुन्हा दाबून मात्र ती लवकर येत नाही.

ट्रॅम वळून चुकवू शकत नाही आणि तिला थांबायला गाडीपेक्षा कितीतरी जास्त अंतर लागतं. तिचे रूळ काटकोनात ओलांडा, नाहीतर ट्रॉलीचं चाक खाचेत अडकतं. सायकलपट्टीवर आवाज नसतो आणि काही पट्ट्यांवर दोन्ही दिशांनी सायकली येतात, म्हणून तिथे दोन्हीकडे मान वळवावीच लागते. कमी वेगातल्या विजेच्या गाड्याही कानाला सहज कळत नाहीत. चालताना गाणी ऐकायची असतील तर एक कान मोकळा ठेवा. जिथे फूटपाथच नाही तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला.

रात्री चकाकणारी पट्टी छातीपेक्षा घोट्याला बांधलेली बरी. वर-खाली होणारे पाय बघून ‘हा माणूस आहे’ हे चालकाला लांबूनच उमगतं.

ओझं: बहुतेक जण इथेच थकतात

घरच्या सामानाचं वजन एकदा खरोखर करून बघा. दोन लिटर दूध, लिटरभर तेल, दोन किलो पीठ, दोन किलो भाजी: झाले ७ किलो. हे एका हातात धरून पंधरा मिनिटं चालता येत नाही. खांदा एका बाजूला झुकतो, कंबर दुसऱ्या बाजूला ओढते आणि रात्री पाठ बोलते.

पाठीवर शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत ओझं आरामात जातं. ६० किलोच्या माणसाला ६ किलो. क्वचित ९ पर्यंत चालेल, रोज नको. सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून, खवाट्यांच्या मधोमध येतील अशा ठेवा. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते, आपण पुढे वाकतो आणि मान दुखते. पट्टे इतके आवळा की सॅकचं बूड कमरेखाली लोंबणार नाही. ६-७ किलोच्या वर कमरेचा पट्टा असलेली सॅकच घ्यावी, कारण तो पट्टा खांद्यावरचा भार कमरेच्या हाडावर नेतो. हातात न्यायचंच असेल तर वजन दोन्ही हातांत सारखं वाटा आणि रुंद बंदांची कापडी पिशवी वापरा. बारीक बंद बोटांचा रक्तपुरवठा अडवतात. घडीची एक पिशवी कायम खिशात किंवा सॅकमध्ये असू द्या. वाटेत काही घ्यावंसं वाटलं आणि पिशवी नाही, म्हणून उद्या मुद्दाम वेगळी फेरी, हे पायी चालणाऱ्याला परवडत नाही.

१० किलोच्या वर गेलात की दोन चाकांची ट्रॉली. विकत घेताना कापडाच्या रंगापेक्षा चाकांकडे बघा: व्यास १५ सेंटिमीटर किंवा जास्त, कडेला रबर. लहान टणक प्लास्टिकची चाकं फरशांच्या सांध्यांत अडकतात आणि सकाळच्या शांत गल्लीत सगळ्यांना जागं करतात. जिने असतील तर एकेका बाजूला तीन-तीन चाकं फिरणारी ट्रॉली मिळते. तिने चढणं सोपं होतं, पण सपाटीवर ती जड लागते, म्हणून इमारतीत लिफ्ट असेल तर अशी ट्रॉली घेऊ नका. जड सामान तळाशी, आसाजवळ. वर जड भरलं तर वळणावर ट्रॉली कलंडते. फूटपाथवर चढवताना ट्रॉलीकडे तोंड करून दोन्ही चाकं एकदम वर ओढा. उतरवताना आधी स्वतः उतरा, मग दोन्ही चाकं एकत्र खाली सोडा. एकच चाक आधी आपटलं की सांगाड्याला पीळ बसतो, आणि काही महिन्यांनी तो नेमका जोडाशी तुटतो. आसाच्या टोकाची टोपी महिन्यातून एकदा दाबून बघा. ती पडली की चाक भर रस्त्यात निघून येतं.

आठवड्याचं १२ किलो एका दिवशी आणण्यापेक्षा तीन दिवस चार-चार किलो आणा. भाजी ताजी मिळते, नासाडी कमी होते आणि कामावरून येता येता काम उरकतं. साबण, तांदूळ, कपडे धुण्याची पावडर असं जड आणि टिकाऊ सामान महिन्यातून एकदा घरपोच मागवायला काहीच हरकत नाही. सगळं पायीच आणायचं असा हट्ट धरला की पहिल्या पावसात तो मोडतो.

कामांचा क्रम लावताना आधी वेळेची कामं: टपाल, बँक, दवाखाना. मग सगळ्यात लांबचं ठिकाण, आणि तिथून घराकडे सरकत या. जड वस्तू आणि थंड ठेवायच्या वस्तू शेवटच्या दुकानात. गेलो त्याच वाटेने परत येण्यापेक्षा वळसा घालून गोल फेरी करा. त्याच वेळात दुप्पट दुकानं वाटेवर येतात. वाचनालयाची पुस्तकं परत करायची असतील तर ते पहिलं ठिकाण, नाहीतर ती दिवसभर पाठीवर फिरतात.

बूट आणि पाय

बूट संध्याकाळी विकत घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, उभं राहून तपासा. बूट हातात धरून वाकवा: तो चवड्याशी वाकला पाहिजे, मधोमध वाकला तर तळव्याला आधार मिळणार नाही. मग ओल्या कपड्यासारखा पिळून बघा. सहज पिळला गेला तर ठेवून द्या.

धावण्याच्या बुटांच्या तळाचा आतला मऊ थर ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दबतो असं धरतात. दिवसाला ५ किलोमीटर चालणाऱ्याला त्याच धर्तीच्या बुटांवर हा आकडा चार-पाच महिन्यांत गाठता येतो. वरून बूट नवा दिसतो, पण गुडघा आणि टाच दुखू लागतात. दोन जोड आलटून पालटून वापरले की घाम पूर्ण सुकायला एक दिवस मिळतो. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं नेहमीचं आहे. एकाच बुटाची कड जास्त झिजत असेल तर पिशवी नेहमी एकाच खांद्यावर असते का, ते आधी बघा.

फोड ओल, उष्णता आणि घर्षण यांनी येतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे तो बाहेर सोडतात. टाच आत-बाहेर सरकत असेल तर बुटाच्या सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी त्याच बाजूला परत घालून छोटा फासा करा, समोरची नाडी त्या फाशातून ओवा आणि मग आवळा. घोटा घट्ट धरला जातो, चवडा मोकळा राहतो. कुठे चुरचुरू लागलं तर घरी पोचण्याची वाट न बघता तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. लाल डाग ते फोड हे अंतर दहा-पंधरा मिनिटांचंही असू शकतं. आलेल्या फोडाची वरची कातडी काढू नका.

पावसात निसरडे असतात ते गुळगुळीत दगड, गटारांची लोखंडी झाकणं आणि झेब्रा पट्ट्यांचा रंग. रंगाने डांबराचा खरखरीतपणा बुजतो, म्हणून शक्य तिथे दोन पट्ट्यांच्या मधे पाऊल ठेवा. पाऊल लहान आणि सपाट टाका, टाच आधी रोवू नका. भिजलेल्या बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. हीटरजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटून तळ उचकटतो.

लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर

चार-पाच वर्षांच्या मुलाबरोबर मोठ्यांच्या मिनिटांना दोनाने गुणा. मूल नेहमी भिंतीच्या बाजूला, तुम्ही रस्त्याच्या बाजूला. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग जोखता येत नाही, त्यामुळे ‘बघून ओलांड’ एवढं सांगून भागत नाही. कुठे उभं राहायचं ती जागा ठरवून द्या आणि रोज तिथेच थांबा. वयस्कर माणसांची वाट बाकांवरून ठरते. मिनिटांच्या नकाशावर बाक आणि स्वच्छतागृहं टिपून ठेवा. पाच मिनिटांवर बसायला मिळेल हे माहीत असलं की तेच माणूस दीड किलोमीटरही जातं. चाकाच्या खुर्चीसाठी किंवा बाबागाडीसाठी प्रत्येक कोपऱ्यावर उतार आहे का ते एकदा चालून बघा. एका जरी कोपऱ्यावर उतार नसला तर पूर्ण वाट बदलावी लागते.

सवडीची वाट

एकाच अंतराचे दोन रस्ते, पण एक लांब वाटतो आणि एक कधी संपला कळत नाही. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी याचं कारण मोजून दाखवलं आहे: १०० मीटरमध्ये १५ ते २० दुकानं किंवा दारं असली तर चालणाऱ्याला दर चार-पाच सेकंदांनी काहीतरी नवं दिसतं. लांबलचक कोरी भिंत, गाड्या लावायच्या इमारतीची जाळी, काळ्या काचांची कचेरी यांच्या कडेने तेच १०० मीटर जीव खातात. सवडीची वाट निवडताना दारं मोजा. अरुंद दुकानांची गल्ली नकाशावर दोनशे मीटर लांब पडली तरी तीच घ्या. चालही सोडा: तासाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास आलात की वरच्या मजल्यांवरची नक्षी, कोनशिला, खिडकीतली रोपटी दिसू लागतात. त्याहून जोरात चालताना नजर जमिनीवर असते.

एक बाक आणि एक वेळ ठरवा. आठवड्यातले तेच तीन दिवस, तीच वीस मिनिटं. वेळ बदलत राहिली तर दर वेळी नवी माणसं भेटतात आणि कोणीच ओळखीचं होत नाही. वेळ पाळली तर कुत्रा फिरवणारा, शाळेतून मुलं आणणाऱ्या आजी, दुकान बंद करणारा मालक हे सगळे त्याच वेळेला तिथून जातात. काही आठवड्यांनी मान हलते, मग हवापाण्याबद्दल दोन शब्द. बाक निवडताना पाठीमागे भिंत किंवा झाड आणि समोर येणं-जाणं असलेला निवडा. रहदारीकडे पाठ करून बसायला लावणाऱ्या बाकावर माणूस पाच मिनिटांत उठतो. हातात पुस्तक असलं तरी चालेल, कानात काही नको. बोलायचं असणाऱ्याला तेवढी फट पुरते.